‘औदुंबर’ : आठ ओळींच्या कवितेत नक्की काय लपलंय?

बालकवींची ‘औदुंबर’ आपल्यापैकी बऱ्याच जणांनी कधी ना कधी वाचलेली असते, काहींना तर अजून पाठ असते, आणि तरी ‘ती कशाबद्दल आहे’ असं विचारलं की बहुतेक जण म्हणतात निसर्गवर्णन, आणि एखादा जण आवाज खाली आणून म्हणतो, नाही हो, ती मृत्यूवर आहे. मग वाद सुरू होतो आणि तो कधीच संपत नाही. हा वाद का संपत नाही आणि त्यात कुणाचं कितपत बरोबर आहे, ते जरा सोपं करून बघू.

आधी कविता समोर ठेवू, आठच ओळी आहेत:

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेऊन
निळासावळा झरा वाहतो बेटाबेटातुन.
चार घरांचे गाव चिमुकले पैल टेकडीकडे
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गरदी पुढे.
पायवाट पांढरी तयांतुन अडवी तिडवी पडे
हिरव्या कुरणामधुन चालली काळ्या डोहाकडे.
झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर.

गूढ कविता म्हटलं की आपल्याला वाटतं शब्द अवघड असणार, लांबलचक समास असणार, पुराणातले संदर्भ असणार. इथे त्यातलं काही म्हणजे काहीच नाही. झरा, गाव, शेतं, पायवाट, डोह, झाड, संपली यादी. पाचवीतल्या मुलालाही कळेल. आणि तरी वाचून झाल्यावर असं वाटत राहतं की हा माणूस आपल्याला नुसतं झाड दाखवत नव्हता, काहीतरी सांगत होता आणि मध्येच गप्प बसला.

इथे एक फरक आधीच करून घ्यायला हवा, नाहीतर पुढे सगळी गल्लत होते. आपल्याकडे कोड्यासारख्या कवितांची जुनी परंपरा आहे. मुक्ताबाईंचं ‘मुंगी उडाली आकाशी, तिने गिळिले सूर्यासी’ घ्या, किंवा ज्ञानदेवांच्या नावावर असलेलं ‘काट्याच्या अणीवर वसले तीन गाव, दोन ओसाड एक वसेचिना’ घ्या. ही कूटं. मुंगी सूर्य गिळत नाही हे सांगणाऱ्याला माहीत आणि ऐकणाऱ्यालाही, म्हणजे सरळ अर्थ मुद्दामच मोडून ठेवलाय, इथे थांबा आणि डोकं चालवा असं सांगण्यासाठी. आणि उत्तरही एका ठरलेल्या मुलखातच असतं, मुंगी म्हणजे सूक्ष्म झालेला जीव, तीन गावं म्हणजे कुणी तीन गुण म्हणतं कुणी तीन देह, पण उत्तर अध्यात्मातच शोधायचं याबद्दल दुमत नाही. ‘काट्याच्या अणीवर’च्या शेवटी तर स्पष्टच म्हटलंय की हे सद्गुरूवाचून कळायचं नाही. म्हणजे किल्ली कुणाकडे मिळेल त्याचा पत्तासुद्धा दिलेला.

‘औदुंबर’मध्ये असं काही नाही. सरळ अर्थ कुठेच मोडत नाही. झऱ्याकाठी उंबर असतो, उंबराला पाणी लागतंच, त्याची मुळं पाण्यात उतरलेली दिसतात, गावातून पाण्याकडे पायवाट जाते कारण पाणी आणायला जायचं असतं. सगळं खरं, सगळं शक्य. त्यामुळे दुसरा अर्थ शोधायची सक्ती इथे नाहीच. तरीही शोधावासा वाटतो, आणि खरा प्रश्न हा आहे की तो का वाटतो, कवितेत असं काय आहे जे आपल्याला ढोसतंय.

तर रंग बघा. पहिल्या सहा ओळींत हिरवा तीनदा येतो: हिरवाळी, हिरवी गरदी, हिरव्या कुरणामधुन. झरा निळासावळा, पायवाट पांढरी. सहाव्या ओळीत पहिल्यांदा काळा येतो, डोहाबरोबर, आणि गंमत म्हणजे त्याच ओळीत हिरवा शेवटचा येतो. ओळीची सुरुवात ‘हिरव्या’ने आणि शेवट ‘काळ्या डोहाकडे’. त्यानंतर हिरवा गायब. शेवटच्या दोन ओळींत फक्त काळिमा. आता उंबर हे काय काळं झाड आहे का, चांगलं हिरवंगार दाट पानांचं असतं, पण कवीने त्याला हिरवा शब्द दिलेलाच नाही, सगळी हिरवाई आजूबाजूच्या शेतांना आणि कुरणांना वाटून टाकली आणि झाड आल्यावर रंगाची डबी बंद केली. तुम्ही वाचताना हे मोजत नाही, पण कुठेतरी ते जाणवतं, उजेड कमी होत गेल्यासारखं.

आणि क्रियापदं. झरा ‘वाहतो’. पायवाट ‘पडे’ आणि मग ‘चालली’. काळिमा ‘पसरी’. सगळं कुठून तरी कुठे तरी निघालंय, रस्ता तर माणसासारखा चालतोय, आणि त्या रस्त्यावर माणूस मात्र एकही नाही, हे लक्षात आलंय का? गाव आहे, घरं चार आहेत, शेती आहे म्हणजे कसणारे असणार, पण अख्ख्या कवितेत माणूस नावाला नाही. माणसासारखं वागणारा एकच, शेवटचा, जो पाय टाकून बसलाय. सगळे निघालेत आणि हा बसलाय. एवढ्या धावपळीनंतर ‘बसला’ हा शब्द आला की आपोआप प्रश्न पडतोच, का बसलाय? कुणाची वाट बघतोय? इथून दुसऱ्या अर्थाचा शोध सुरू होतो, आणि तो कवीनेच सुरू करून दिलेला आहे, वाचकाने उगाच काढलेली खुसपटं नाहीत ती.

आता लोकांनी आजवर काय काय वाचलंय ते बघू.

एक वाचन विरक्तीचं. संसाराचा प्रवाह चाललाय, गाव चाललंय, आणि एक कुणीतरी कडेला, पाण्यात पाय असूनही पाण्याबरोबर न वाहणारा, योग्यासारखा. यात आणखी दत्ताचा धागा जोडला जातो, कारण औदुंबर म्हटलं की आपल्याला दत्तगुरू आठवणारच, सांगली जिल्ह्यात कृष्णेकाठी औदुंबर नावाचं दत्तक्षेत्रच आहे. पण थोडं थांबून बघा, दत्तपरंपरेत औदुंबराखाली कुणीतरी बसतं. इथे औदुंबर स्वतः बसलाय, त्याच्याखाली कुणी नाही. हा फरक छोटा नाही. आणि ‘उंबर’ न म्हणता ‘औदुंबर’ का म्हटलं, यावरून जे दत्त सिद्ध करायला जातात त्यांनी एकदा ओळ म्हणून बघावी, आठ-आठ मात्रांचे दोन तुकडे आणि मग ‘असला औदुंबर’च्या दहा. तिथे उंबर टाकलात तर दोन मात्रा कमी पडतात, ओळ लंगडते. म्हणजे दत्त नाहीतच असं नाही, पण त्या एका नावावर एवढी मोठी इमारत उभारू नये.

दुसरं वाचन मृत्यूचं, आणि ते सगळ्यात जोरकस आहे. ऐल तट, पैल तट हे शब्दच मराठीत साधे राहिलेले नाहीत, ‘पैलतीर’ म्हटलं की संतांपासून आजपर्यंत आपल्याला नदीपलीकडचं गाव आठवतच नाही, भलतंच आठवतं. मग पांढरी पायवाट म्हणजे आयुष्याचा रस्ता, अडवा तिडवा, हिरव्यातून चाललेला, आणि शेवट काळ्या डोहात. इतकं व्यवस्थित बसतं की मोह होतो. माझी शंका नेमकी तिथेच आहे, फारच व्यवस्थित बसतं. पायवाटेचं झालं, डोहाचं झालं, मग औदुंबर कोण? तो मृत्यू? मग तो पाय टाकून आरामात का बसलाय? की मरणाकडे शांतपणे बघणारा कुणी? मग ‘लाटांवर’ पसरलेला काळिमा त्याचा की डोहाचा? शेवटच्या दोन ओळींपर्यंत पोचलं की हे वाचन धापा टाकायला लागतं.

तिसरं वाचन उलट टोकाचं आणि ते मला फार आवडतं, जरी ते कमी ऐकू येत असलं तरी. पाण्यात पाय सोडून कोण बसतं? योगी बसत नाहीत, पोरं बसतात. शेतातलं काम, गाव, सगळं सोडून डोहाकाठी येऊन पाण्यात पाय हलवत बसलेलं एखादं उनाड पोर. हे वाचलं की अख्ख्या कवितेचा चेहरा बदलतो, आठही ओळी तशाच, एक शब्द हलला नाही.

म्हणजे एकच देहबोली, आणि त्यात योगी, मरणाकडे शांतपणे बघणारा, पोर असे तिघेही मावतात. मग सगळंच बरोबर का? ज्याला जे वाटेल ते? नाही, आणि इथे ‘कवितेचा अर्थ ज्याचा त्याने घ्यावा’ हे गुळमुळीत वाक्य मला पटत नाही. कुठला अर्थ कवितेच्या शब्दांत मावतो आणि कुठला गळून पडतो ते तपासता येतं, आणि ते तपासायची जागा म्हणजे सातवी ओळ.

‘झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर.’ या ओळीत दोन घोटाळे आहेत, चांगल्या अर्थाने. पहिला, ‘पसरी’ कोण? काळिमाच लाटांवर पसरतो असं वाचता येतं, किंवा पुढच्या ओळीतला औदुंबर आपला काळिमा पसरतो असंही वाचता येतं, म्हणजे झाडाची सावली. दुसरा, ‘गोड’ कुणाचं? गोड जळ, की गोड काळिमा? गोडं पाणी म्हटलं तर साधी माहिती झाली, झऱ्याचं पाणी गोडंच असतं. पण ओळ म्हणून बघितली की ‘झाकळुनी जळ’ इथे तुकडा पडतो, आठ मात्रा भरतात, आणि ‘गोड काळिमा’ पुढच्या तुकड्यात एकत्र येतात. चाल सांगते की गोड हे काळिम्याला आहे. आणि काळिमा हा काय गोड म्हणायचा शब्द आहे का, आपण तर तो फासतो, कलंक म्हणून वापरतो.

माझ्या मते अख्खं भांडण या दोन शब्दांत आहे. नुसता मृत्यू वाचायचा तर ‘गोड’ कुठेतरी लपवावं लागतं. नुसता आनंद वाचायचा, उनाड पोर वाचायचं, तर ‘काळिमा’कडे डोळेझाक करावी लागते. नुसतं निसर्गवर्णन म्हणायचं तर मग झाडाच्या सावलीला गोड काळिमा म्हणायची गरज काय होती, सावली म्हणून मोकळं व्हायचं. जे वाचन दोन्ही शब्द एकत्र पेलू शकतं ते टिकतं, जे एकाला वगळतं ते अर्धवट. माझ्या हिशेबाने या कवितेचा लपलेला विषय म्हणजे एक उदासी, पण जी सोडवत नाही, जिच्यात बसून राहावंसं वाटतं अशी. तिला नाव नाही म्हणूनच तिथे झाड बसवलंय.

हे मी हवेत बोलत नाहीये, बालकवींच्याच ‘उदासीनता’ या कवितेत ते सरळ म्हणतात, ‘कोठुनि येते मला कळेना उदासीनता ही हृदयाला’. मला कळेना! कवी स्वतः सांगतोय की कुठून येते ठाऊक नाही, आणि आपण मात्र त्याच्या झाडाखालून नेमकं कारण खणून काढायला निघालोय. ‘पारवा’तही तेच, पडकी धर्मशाळा, खचलेली भिंत, आणि कौलांवर बसून एकटाच घुमणारा पक्षी. हा माणूस बसलेल्या एकट्या जिवांचा कवी आहे, हे जरा लक्षात ठेवलं तरी पुरे. ‘आनंदी आनंद गडे’ आणि ‘श्रावणमास’ यामुळे आपण त्यांच्यावर हसऱ्या बाळाचा शिक्का मारून ठेवलाय, त्यात नावही बालकवी. ते नाव मिळालं १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात, अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांच्याकडून, तेव्हा त्र्यंबक बापूजी ठोमरे हा धरणगावचा पोरगा जेमतेम सतरा वर्षांचा होता. नाव गोड आहे, पण वाचकाची दिशाभूल फार करतं.

आता चरित्राचा विषय निघालाच आहे तर त्यातली दुसरी गडबड. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनवर रेल्वेखाली सापडून बालकवी गेले. वय सत्तावीस. हे कळलं की पुढच्या वेळी ‘काळ्या डोहाकडे’ वाचताना अंगावर काटा येतो, येणारच, माणूस आहोत आपण. पण ही वाट उलटी आहे. कवीला लिहिताना आपला शेवट माहीत नव्हता, आपल्याला माहीत आहे, आणि आपण आपली माहिती त्याच्या ओळीत घुसवतो आणि म्हणतो बघा त्याला आधीच कळलं होतं. हा कवितेचा अर्थ नाही, आपली हळहळ आहे.

‘पण कवीला काय म्हणायचं होतं?’ हा प्रश्न तरीही येतोच. त्यावर विमसॅट आणि बीअर्ड्सली या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९४६ साली एक निबंध लिहिला, त्याचं थोडक्यात म्हणणं असं की कवीचा हेतू कवितेत उतरला असेल तर तो कवितेतच दिसेल, वेगळा शोधायला नको, आणि उतरला नसेल तर तो शोधून कवितेला काही उपयोग नाही. थोडं कडक आहे, मला पूर्ण पटत नाही, पण ‘औदुंबर’सारख्या कवितेला मात्र बरोबर लागू पडतं.

खरं तर आपल्याकडे या विषयावर त्याच्या हजार वर्षं आधी विचार झालाय आणि तो जास्त कामाचा आहे. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने ध्वनीचा, म्हणजे शब्दांनी थेट न सांगता सुचवलेल्या अर्थाचा, सिद्धांत मांडला. शब्दाच्या तीन शक्ती तुम्ही कधीतरी ऐकल्या असतील, अभिधा (म्हणजे सरळ अर्थ), लक्षणा, व्यंजना. जुनं नेहमीचं उदाहरण आहे ‘गंगेवर गवळीवाडा’. आता नदीवर वाडी कशी असेल, पाण्यावर घरं तरंगतात का, म्हणून सरळ अर्थ अडतो आणि आपण ‘गंगेच्या काठावर’ असा घेतो, ही लक्षणा. पण मग सरळ ‘काठावर’च का नाही म्हटलं? कारण ‘गंगेवर’ म्हटल्याने त्या वाडीला गंगेचा गारवा आणि पावित्र्य चिकटतं, जे कुठल्याच शब्दाने सांगितलेलं नाही. ही व्यंजना.

यातून आपल्याला काय मिळतं? कूट ही लक्षणेच्या बाजूची गोष्ट, सरळ अर्थ अडतो म्हणून दुसरा घ्या. ‘औदुंबर’मध्ये सरळ अर्थ अडत नाही, तो आहे तसाच राहतो, आणि त्याच्याच अंगातून दुसरं काहीतरी जाणवतं. म्हणून ‘औदुंबर म्हणजे अमुक’ अशी समीकरणं मांडली की कविता हातातून निसटते, कारण समीकरणात एक बाजू मिळाली की दुसरी टाकून देता येते. इथे झाड टाकून देता येत नाही. झाड गेलं की उदासीही गेली, ती त्या झाडाच्या बसण्यातच आहे. गाईडमध्ये ‘कवितेचा मध्यवर्ती आशय दोन वाक्यांत लिहा’ असा प्रश्न असतो ना, त्याच्या उत्तरात नेमकं हेच होतं, आशय येतो आणि कविता राहते बाहेर.

आणि ओढूनताणून अर्थ लावणं म्हणजे काय तेही दाखवतो, मीच एक बनवतो. उंबराचं फूल कधी दिसत नाही, ते फळाच्या आतच असतं, म्हणून क्वचित भेटणाऱ्या माणसाला आपण उंबराचं फूल म्हणतो. तेव्हा बालकवींनी मुद्दाम औदुंबर निवडला कारण कवितेचा अर्थही तसाच आत लपलेला आहे, बाहेरून कधीच न दिसणारा! ऐकायला मस्त आहे की नाही? भाषणात टाळ्या पडतील. पण कवितेत ना फळ आहे ना फूल, एक अक्षरही त्या दिशेला बोट दाखवत नाही. अर्थ सगळा बाहेरून आणलेला. असल्या चमकदार अर्थांपासून जपून राहावं, ते कवितेपेक्षा सांगणाऱ्याबद्दल जास्त सांगतात.

‘असला’बद्दल दोन शब्द, कारण त्यावर बरीच शाई सांडली आहे. ‘बसला असला औदुंबर’. आज ‘असला’ म्हटलं की थोडं नाक मुरडल्यासारखं वाटतं, पण इथे तो ‘असा हा’ एवढ्यापुरता आहे असं मला वाटतं, आणि ‘बसला असला’ हा जवळजवळचा नाद कवीच्या कानाला आवडला असणार हेही उघड आहे. काही जण त्यात ‘असेल कदाचित’ असा संशय वाचतात, म्हणजे झाड खरंच आहे की मनातलं आहे कोण जाणे. एवढं ओझं त्या बिचाऱ्या शब्दाला झेपेलसं वाटत नाही.

त्यापेक्षा मला एक वेगळाच प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो जो फारसा कुणी विचारत नाही, बोलणारा कुठे उभा आहे? ‘ऐल’ म्हणजे अलीकडचा, म्हणजे बघणाऱ्याचा स्वतःचा काठ. गाव ‘पैल टेकडीकडे’, पलीकडे. पायवाट त्या पलीकडच्या शेतांतून डोहाकडे आली. आणि औदुंबर? तो कुठल्या काठावर आहे हे कविता सांगतच नाही. तो पैल काठावर असेल तर गावातून निघून पायवाटेने खाली आला आणि पाण्याशी येऊन थांबला, पुढे यायची हिंमत झाली नाही किंवा गरज वाटली नाही. आणि ऐल काठावर असेल तर तो बोलणाऱ्याच्या शेजारी आहे, दोघं मिळून पलीकडचं गाव बघतायत. मी त्याला ऐल काठावर बसवतो, कारण गाव ‘चिमुकले’ दिसतंय, चार घरं मोजण्याइतकं लांब, आणि औदुंबराजवळच्या मात्र लाटाही दिसतायत आणि त्यांच्यावरचा काळिमाही, इतका तो जवळ आहे. पण पायवाटेच्या टोकाशी, पलीकडेच तो आहे असं कुणी वाचलं तर त्याला अडवेल असा एकही शब्द त्या आठ ओळींत नाही, हेही मान्य करायला पाहिजे.